छातीतली धूळ आणि कामाची नोंद : मेसोथेलिओमाच्या उपचारांचा इतिहास

१/ फुफ्फुसाभोवती जे पातळ आवरण असते, त्याला होणाऱ्या एका दुर्मीळ कर्करोगाचे नाव मेसोथेलिओमा. त्याचे निदान करताना डॉक्टर रुग्णाला विचारतात, "पूर्वी कोणते काम करत होता?" येथे 'पूर्वी' याचा अर्थ वीस, तीस, क्वचित पन्नास वर्षांपूर्वी असा असतो. दवाखान्याच्या भाषेत या चौकशीला 'हिस्टरी घेणे' म्हणतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा शब्द शब्दशः घ्यावासा वाटतो. या आजारावर आज कोणते उपचार आहेत आणि ते कसे सापडले, हे या धाग्यात पाहू. उपचारांची वाट दर वेळी कामाच्या जुन्या नोंदीपाशी येऊन कशी थांबते, तेही पाहू.

२/ आरंभ देवरूखपासून करू. सह्याद्रीच्या पायथ्याचे हे गाव संगमेश्वर तालुक्याचे मुख्यालय. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांसाठी ते ओळखले जात नाही. मग या कथेत देवरूख का? कारण रत्नागिरी जिल्ह्याचा कामगार-इतिहास रत्नागिरीत घडलेला नाही, तो मुंबईत घडला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. हा आकडा म्हणजे चाकरमान्यांच्या पिढ्यांची सावली आहे. तरुणपणी मुंबईची गिरणी, गोदी, रेल्वेचे वर्कशॉप किंवा कारखाना, महिन्याला मनिऑर्डर, शिमग्या-गणपतीला गाव, आणि निवृत्तीनंतर कायमचे घरी, असा हा आयुष्यक्रम.

३/ आता या आयुष्यक्रमावर एक असा आजार ठेवून पाहा, जो धूळ छातीत गेल्यानंतर काही दशकांनी प्रकट होतो. धूळ मुंबईत श्वासाबरोबर आत जाते आणि दम गावी लागतो. ज्या डॉक्टरसमोर रुग्ण बसतो, त्याने तो कारखाना कधी पाहिलेला नसतो. ज्या कारखान्यात रुग्ण राबला, त्याला या रुग्णाचा पत्ता नसतो. दोघांना जोडणारा दुवा एकच, रुग्णाची आठवण. तीही अनेकदा "मुंबईला कंपनीत होतो" एवढ्या तीन शब्दांत संपते.

४/ अ‍ॅस्बेस्टॉस हे एकाच खनिजाचे नाव नाही. तंतुमय रूपात आढळणाऱ्या सहा खनिजांना मिळून हे नाव आहे. हे तंतू जळत नाहीत, सहजासहजी झिजत नाहीत आणि कापसासारखे कातता-विणता येतात. म्हणून विसाव्या शतकातील उद्योगांनी त्यांना डोक्यावर घेतले. बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवरील वेष्टण, गाड्यांचे ब्रेक व क्लच, आगप्रतिबंधक कापड, सिमेंटचे पत्रे अशा असंख्य वस्तूंत ते गेले. ज्या चिवटपणामुळे ते उपयोगी ठरले, त्याच चिवटपणामुळे ते शरीरातही टिकून राहतात. फुफ्फुसात खोल गेलेले बारीक तंतू शरीराला विरघळवता येत नाहीत. त्यांच्याभोवती वर्षानुवर्षे दाह चालू राहतो.

५/ या इतिहासातील पहिले ठळक नाव एका गिरणी-कामगार स्त्रीचे आहे. नेली केर्शॉ ही इंग्लंडमधील रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्सच्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यात काम करत असे. १९२४ साली वयाच्या ३३ व्या वर्षी ती मरण पावली. विल्यम कुक या विकृतिशास्त्रज्ञाने तिच्या फुफ्फुसांची तपासणी करून त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला आणि १९२७ मध्ये या आजाराला 'अ‍ॅस्बेस्टॉसिस' हे नाव दिले. कंपनीने मात्र जबाबदारी नाकारली. तिच्या कुटुंबाला भरपाई मिळाली नाही.

६/ १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस या दोघांनी ब्रिटिश सरकारसाठी ३६३ अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांची तपासणी केली. त्यांपैकी ९५ जणांच्या, म्हणजे शंभरात २६ जणांच्या फुफ्फुसांत व्रणासारखे कठीण धागे तयार झाले होते. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये धूळ-नियंत्रणाचे नियम आले. त्या काळी या आजारावर औषध नव्हते. कडक झालेले फुफ्फुस पुन्हा मऊ करणारे औषध आजही नाही. म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत पहिला उपचार यंत्रशाळेत घडला. धूळ ओढून घेणारे पंखे, ओली प्रक्रिया आणि झाकलेली यंत्रे हे ते औषध होते, आणि ते ज्यांनी द्यायचे होते ते डॉक्टर नव्हते.

७/ फुफ्फुस कठीण होणे ही एक गोष्ट, कर्करोग ही दुसरी. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे आकडेवारीने दाखवले. धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध सिद्ध करणारे डॉल ते हेच. पुढे स्पष्ट झाले की तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ एकत्र आल्यास धोका अनेक पटींनी वाढतो. मेसोथेलिओमाची गोष्ट मात्र वेगळी आहे. विडी-सिगारेटशी त्याचा संबंध नाही. त्याच्यामागे प्रामुख्याने अ‍ॅस्बेस्टॉसच असते.

८/ तो संबंध उलगडला दक्षिण आफ्रिकेत, आणि तोही क्षयरोगाच्या रुग्णालयात. किंबर्ली येथील डॉ. स्लेग्ज यांच्याकडे छातीत पाणी झालेले रुग्ण येत. क्षयाची नवी औषधे हाती आली होती. शहराच्या पूर्वेकडून येणारे रुग्ण त्या औषधांनी बरे होत. पश्चिमेकडून येणाऱ्यांपैकी काही मात्र मुळीच बरे होत नव्हते. पश्चिमेला निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या टेकड्या होत्या. विकृतिशास्त्रज्ञ ख्रिस वॅग्नर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मेसोथेलिओमा ओळखला. वॅग्नर, स्लेग्ज आणि शल्यविशारद मार्शां यांनी १९६० मध्ये अशा ३३ रुग्णांचा निबंध प्रसिद्ध केला.

९/ त्या निबंधाची ताकद सूक्ष्मदर्शकाइतकीच चौकशीत होती. प्रत्येक रुग्ण कोठे जन्मला, कोठे वाढला, काय काम करत होता, हे खोदून काढण्यात आले. त्यांतील कित्येक जण खाणीत कधी उतरलेच नव्हते. लहानपणी ते खाणीजवळ राहिले होते, एवढेच. पुढे १९६५ मध्ये लंडनमध्ये म्युरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन यांनी ७६ रुग्णांच्या कामाचा व निवासाचा इतिहास जुळवला. रुग्ण हयात नसतील, तर नातलगांना विचारले. त्या ७६ पैकी ३१ जण स्वतः अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले निघाले. आणखी ९ जणांच्या घरातील कोणीतरी ते काम करत होते. त्यांत कामावरचे धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या बायका होत्या.

१०/ येथे क्षणभर थांबावे. 'मौखिक इतिहास' ही आपल्या अभ्यासाची पद्धत आहे, असे आपण समजतो. वैद्यकशास्त्राने एका कर्करोगाचे कारण त्याच पद्धतीने शोधले. कपडे धुणाऱ्या त्या स्त्रियांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नव्हती. त्या सापडल्या त्या केवळ कोणीतरी "घरी कपडे कोण धुवत असे?" हा प्रश्न विचारला म्हणून.

११/ आता मुंबई. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो हा कारखाना होता. ब्रेक, क्लच, अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत व कापड हा त्याचा माल. तो टर्नर अँड न्यूऑल या ब्रिटिश समूहाशी संलग्न होता, आणि नेली केर्शॉ ज्या टर्नर ब्रदर्समध्ये राबली, ती कंपनी १९२० पासून याच समूहाचा भाग. म्हणजे रॉचडेलचा धागा थेट घाटकोपरपर्यंत येतो. पुढे या कंपनीचे नाव हिंदुस्थान कॉम्पोझिट्स झाले. मुलुंडलाही अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे उत्पादन होत असे. शिवाय गिरण्यांचे बॉयलर, रेल्वेची वर्कशॉप आणि गोदीतील जहाजे येथे वेष्टणे चढवणारे, उतरवणारे, दुरुस्त करणारे हात होतेच. त्यांच्या कामाच्या नावात 'अ‍ॅस्बेस्टॉस' हा शब्दही नसे.

१२/ २००५ साली डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी घाटकोपरच्या या कारखान्यातील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्व चाचण्या पूर्ण झालेल्या १८१ कामगारांपैकी पाचांत एकाहून अधिक जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस होता. आता सहाव्या टप्प्यातील आकडा आठवा. १९३० च्या ब्रिटनमध्ये शंभरात २६. मधली पंचाहत्तर वर्षे, एक महायुद्ध, एका साम्राज्याचा अस्त, चंद्रावर माणूस. आणि धुळीच्या खात्यातील जमा जवळजवळ तीच. आजाराविषयीचे ज्ञान नव्हते, असे येथे म्हणता येत नाही. ज्ञान होते, ते मालाबरोबर पाठवले गेले नाही.

१३/ त्याच निबंधाने आणखी एक निरीक्षण नोंदवले. देशात अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कातील कामगार अंदाजे एक लाख असताना भरपाई मिळालेले तीसही नव्हते. याच्या कारणांत एक असे, की हा आजार क्षय किंवा जुनाट खोकला म्हणून नोंदला जातो. किंबर्लीच्या त्या रुग्णालयाची ही पुनरावृत्तीच. अर्थात डॉक्टरांना सरसकट दोष देणे योग्य नाही. आपल्याकडे क्षय अतिशय सर्रास आढळतो आणि मेसोथेलिओमा दुर्मीळ आहे. छातीत पाणी दिसल्यावर प्रथम क्षयाचा विचार होणे स्वाभाविक आहे. प्रश्न पुढच्या टप्प्याचा आहे: औषधांनी पाणी हटत नसेल, पुन्हा पुन्हा भरत असेल, छाती सतत दुखत असेल, तर कामाची चौकशी होते का?

१४/ उपचारांकडे वळण्यापूर्वी चार गोष्टी वेगळ्या ओळखू. (अ) फुफ्फुसाच्या आवरणावरील जाड चट्टे: हे संपर्काची खूण असतात, कर्करोग नव्हे. (आ) अ‍ॅस्बेस्टॉसिस: फुफ्फुस कडक होणे, हाही कर्करोग नव्हे. यात धुळीपासून दूर राहणे, तंबाखू सोडणे, प्रतिबंधक लसी, श्वसनाचे व्यायाम आणि गरजेनुसार प्राणवायू हे उपाय. (इ) अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला फुफ्फुसाचा कर्करोग: याचे उपचार फुफ्फुसाच्या इतर कर्करोगांसारखेच. (ई) मेसोथेलिओमा: आवरणाचा कर्करोग, ज्याचे उपचार वेगळे. चारही एकाच धुळीची अपत्ये, पण प्रत्येकाची वाट निराळी.

१५/ मेसोथेलिओमाचे निदान क्ष-किरण चित्रावर होत नाही. सीटी स्कॅन संशय दाखवतो, काढलेले पाणी कधी कधी पुरावा देते. बहुधा मात्र दुर्बिणीने छातीत पाहून आवरणाचा तुकडा काढावा लागतो आणि त्यावर विशेष रंजक चाचण्या कराव्या लागतात. या तुकड्यातून प्रकारही कळतो. पेशी एपिथेलिऑइड असतील तर आजार तुलनेने सौम्य, सार्कोमेटॉइड असतील तर अधिक आक्रमक, आणि दोन्ही असतील तर मिश्र. पुढचा उपचार बराचसा या प्रकारावर ठरतो. म्हणून "बायोप्सी कशाला?" या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या निवडीत दडलेले आहे.

१६/ पहिला मोठा प्रयत्न शस्त्रक्रियेचा. १९७६ मध्ये ब्रिटनमधील एरिक बुचार्ट व सहकाऱ्यांनी २९ रुग्णांत आवरण, संपूर्ण फुफ्फुस आणि श्वासपटलाचा भाग एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया केल्याचे नोंदवले. त्यांतील सुमारे तीस टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर लवकरच दगावले. तंत्र सुधारले, मृत्यू घटले. तरी २०११ च्या 'मार्स' चाचणीत या शस्त्रक्रियेचा लाभ दिसला नाही. मग फुफ्फुस राखून केवळ आवरण सोलून काढण्याची पद्धत पुढे आली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मार्स-२' चाचणीत ३३५ रुग्ण होते. केवळ औषधोपचार घेतलेल्या गटाचे मध्यमान आयुष्य २४.८ महिने भरले, शस्त्रक्रियाही झालेल्या गटाचे १९.३ महिने. आज शस्त्रक्रिया निवडक रुग्णांत आणि अनुभवी केंद्रांतच विचारात घेतली जाते.

१७/ औषधांच्या इतिहासातील वळण २००३ चे. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन ही जोडी एकट्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस ठरली: मध्यमान आयुष्य ९.३ महिन्यांवरून १२.१ महिने. तीन महिन्यांची वाढ ऐकायला तुटपुंजी वाटते. परंतु ज्या आजारापुढे वैद्यकशास्त्राने जवळजवळ हात टेकले होते, त्यात एखादे औषध मोठ्या चाचणीत उपयोगी ठरण्याची ही पहिलीच वेळ होती. या औषधाबरोबर फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व दिल्यास दुष्परिणाम कमी होतात, हेही त्याच चाचणीत उमगले. आज भारतीय कंपन्या पेमेट्रेक्सेड बनवतात, त्यामुळे ते आपल्याकडे तुलनेने आवाक्यात आहे. मूत्रपिंडे नाजूक असतील तर सिस्प्लॅटिनऐवजी बहुधा कार्बोप्लॅटिन वापरतात.

१८/ दुसरे वळण प्रतिकारशक्तीच्या औषधांचे, म्हणजे इम्युनोथेरपीचे. ६०५ रुग्णांच्या एका चाचणीत निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब या जोडीने मध्यमान आयुष्य १८.१ महिने झाले. केमोथेरपीच्या गटात ते १४.१ होते. आक्रमक प्रकारांत फरक ठळक होता: १८.१ विरुद्ध ८.८. अमेरिकेने २०२० मध्ये या जोडीला आणि २०२४ मध्ये केमोथेरपीसह पेम्ब्रोलिझुमॅबला मान्यता दिली. अडचण किमतीची आहे. सामान्य निवृत्त कामगाराच्या कुटुंबाला हा खर्च स्वबळावर झेपणारा नाही. येथे पुन्हा जुन्या नोकरीचा कागद आडवा येतो, कारण भरपाई आणि विम्याचा हक्क त्या कागदावरच उभा असतो.

१९/ मेसोथेलिओमा पोटाच्या आवरणालाही होतो. तेथे निवडक रुग्णांत दिसणाऱ्या सर्व गाठी काढून, त्याच शस्त्रक्रियेत पोटात कोमट केलेले केमोथेरपीचे औषध फिरवतात. छातीच्या आजाराच्या मानाने या उपचाराचे निकाल काही रुग्णांत बरेच चांगले असतात. याचा अर्थ असा, की 'या कर्करोगावर काहीच नाही' हे वाक्य आता खरे राहिलेले नाही. त्याचबरोबर 'हा पूर्ण बरा होतो' असे सांगणाऱ्या जाहिरातींवर, चूर्णांवर आणि काढ्यांवर विश्वास ठेवण्याइतका पुरावाही कोठे नाही.

२०/ आणि जो उपचार प्रत्येक रुग्णाला मिळायला हवा, त्याची चर्चा सर्वांत कमी होते. छातीतील पाणी काढणे. ते पुन्हा भरू नये म्हणून निर्जंतुक टाल्कची पूड सोडून दोन्ही आवरणे चिकटवणे. किंवा छातीत बारीक नळी ठेवून घरच्या घरी पाणी काढता येईल अशी सोय करणे. वेदना आणि दम यांसाठी योग्य मात्रेत मॉर्फिन. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणे फार जिकिरीचे झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट सुलभ केली. परिहार उपचार म्हणजे 'आता काही उरले नाही' अशी घोषणा समजू नये. ते पहिल्या दिवसापासून, इतर उपचारांच्या जोडीने चालतात.

२१/ देवरूखच्या रुग्णाने जायचे कोठे? या गावाला आरोग्यसेवेची परंपरा आहे. हळबे मावशींनी, म्हणजे इंदिराबाई हळबे यांनी, १९५४ मध्ये येथे मातृमंदिर सुरू केले. मात्र मेसोथेलिओमासारख्या आजाराला कर्करोगाचे विशेष केंद्र लागते. चिपळूण तालुक्यात डेरवणचे वालावलकर रुग्णालय टाटा मेमोरियलच्या सहकार्याने कर्करोगाचे काम करत आले आहे. आणि परळचे टाटा मेमोरियल तर १९४१ पासून उभे आहे. योगायोग असा, की ज्या गिरणगावात चाकरमान्यांच्या पिढ्या राबल्या, त्याच गिरणगावात त्यांना उपचारासाठी परतावे लागते. फाइलमध्ये रिपोर्ट असतात, क्ष-किरण चित्रे असतात. कामाची नोंद सहसा नसते.

२२/ ती नोंद जपण्याची जबाबदारी कोणाची? २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांविषयी निर्णय दिला. आरोग्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. आजार सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई ठरली. आणि प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर, जपण्याचा आदेश झाला.

२३/ जरा गणित करू. समजा, एक कामगार १९६५ मध्ये अशा कारखान्यात लागला आणि १९८२ मध्ये बाहेर पडला. आदेशानुसार त्याची नोंद २००५ पर्यंत जपायची. मेसोथेलिओमा मात्र पन्नासाव्या वर्षी, म्हणजे २०१५ मध्येही येऊ शकतो. कागदाचे आयुष्य धुळीच्या आयुष्यापेक्षा कमी भरले. ही झाली कायम कामगाराची गोष्ट. बदली कामगार, कंत्राटी हमाल, बॉयलरचे वेष्टण खरवडणारा रोजंदारीवरचा पोऱ्या यांची नोंद मुळात झाली होती का? १९८२ च्या संपानंतर गिरण्यांतून गावी परतलेल्या किती जणांनी हजेरीकार्ड जपून आणले असेल?

२४/ वर्तमानाचेही पाहू. खाणींसाठी नवे पट्टे देणे भारताने १९८६ पासून थांबवले. पण पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस आयात करून वापरणे आपल्याकडे अद्याप कायदेशीर आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. पडवीवर वा गोठ्यावर जुना सिमेंटचा पत्रा असेल तर घाबरून जाऊ नये. अखंड पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात. धोका तो कापताना, भोके पाडताना, फोडताना वाढतो. वादळात असे पत्रे फुटले तर तुकडे ओले करून, तोंड-नाक नीट झाकून उचलावेत. कोरडे झाडू नयेत आणि मुलांना त्या ढिगाऱ्यावर खेळू देऊ नये.

२५/ आता तुमच्या-आमच्या वाट्याचे काम. इतिहासाची आवड असलेल्या प्रत्येकाने घरातील एका निवृत्त माणसाच्या कामाची नोंद करावी. पुढील प्रश्न विचारावेत: कोणत्या साली, कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात? हाताखाली कोणता माल असे? धूळ कोणत्या रंगाची? तोंडाला काही बांधत होता का? बॉयलर, ब्रेक, वेष्टणे, पत्रे यांच्याशी संबंध आला का? शेजारी काम करणारे कोण, ते आज कोठे आहेत? कपडे घरी कोण धुवत असे? भविष्यनिर्वाह निधीची पावती, ईएसआयचे कार्ड, गेटपास, युनियनची पावती, निवृत्तीच्या समारंभातील फोटो, यांची मोबाइलवर चित्रे काढून ठेवावीत. गावकऱ्यांच्या मुंबईतील खोल्यांच्या आणि ग्रामस्थ मंडळांच्या जुन्या वह्या मिळाल्यास त्याही पाहाव्यात. कोण कोठे 'लागला' होता, हे तेथे सापडू शकते.

२६/ हे टिपण एका पानाचे असले तरी पुरे. दम, सततचा खोकला, छातीत पाणी अशी तक्रार असेल तर ते पान डॉक्टरांपुढे ठेवावे आणि स्पष्ट सांगावे, "यांनी इतकी वर्षे अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केले आहे." चालू औषधे मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. निदान झाले, तर तेच पान भरपाईच्या दाव्याचा पहिला कागद ठरू शकते; अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे कामगार भरपाईच्या कायद्याने व्यवसायजन्य आजार मानलेले आहेत. आणि निदान काहीच निघाले नाही, तर फारच उत्तम. एका कामगाराच्या आयुष्याचे अस्सल साधन तुमच्या हाती राहिले.

२७/ गडांच्या तटबंद्या आणि ताम्रपटांची वाचने आपण आवडीने करतो, करावीतच. पण पडवीतल्या खुर्चीवर धापा टाकत बसलेला म्हाताराही एक दप्तर आहे, आणि ते दप्तर उघडण्याची मुदत त्याच्या श्वासांइतकीच आहे. नेली केर्शॉची नोंद कुकने ठेवली, म्हणून शंभर वर्षांनंतर आपण तिचे नाव घेतो. संगमेश्वर तालुक्यातील किती नावे अशी नोंदीवाचून गेली असतील, हे सांगता येणार नाही. यापुढची जाऊ नयेत, एवढे करता येईल. तुमच्या घरी अशी नोंद झाली, तर रुग्णाचे नाव न देता फक्त कारखाना, खाते आणि साल या धाग्याखाली लिहा. कोणाच्या तरी निदानाला ते उपयोगी पडेल.